कुटुंब : निरंक

माणूस निवृत्त झाला की पहिलं वर्षभर त्याच्या हाती लाल पेन लागू देऊ नये, असा एखादा नियम कोणीतरी करायला हवा होता. तो कोणी केला नाही, म्हणून पुढची सगळी भानगड झाली.

त्रुटीसाहेबांचं खरं नाव दारावरच्या पाटीवर होतं आणि तिथेच होतं. बाकी ऑफिसात, बिल्डिंगमध्ये आणि सासुरवाडीलासुद्धा ते त्रुटीसाहेबच. एकतीस वर्षं ते अर्जांच्या छाननी विभागात बसले. अर्ज कशाचा आहे, कोणाचा आहे, याच्याशी त्यांना देणंघेणं नसे. पहिल्या रकान्यापासून शेवटच्या सहीपर्यंत बोट फिरवत जायचं, चूक सापडली की तिच्याभोवती लाल गोल काढायचा, समासात 'त्रुटी' असं लिहायचं, शेजारी स्वतःची आद्याक्षरं आणि तारीख टाकायची, की अर्ज परत. आद्याक्षरं आणि तारीख नसलेली दुरुस्ती ही दुरुस्तीच नव्हे, हे ते नवीन लोकांना पहिल्याच दिवशी शिकवायचे. त्यांच्या टेबलावरून पहिल्या फेरीत सुटलेला अर्ज एकतीस वर्षांत एकच, आणि तोही ते रजेवर असताना.

निवृत्तीनंतर हे सगळं घरावर येऊन कोसळलं. वाण्याची यादी 'परिमाण नमूद नाही' म्हणून परत जाऊ लागली. धोब्याच्या चिठ्ठीवर 'शर्ट, रंग कोणता?' असा शेरा पडला. बायको ऐकून घ्यायची. ती हॉस्पिटलात टेलिफोनवर बसे, सव्वीस वर्षं बसत होती. जगातले यच्चयावत चिडलेले, रडवेले आणि बहिरे लोक तिने 'थांबा हं, जोडते' म्हणून दुसऱ्या कोणालातरी जोडून दिले होते. त्यामुळे नवऱ्याचं ऐकताना तिला फार त्रास होत असावा असं वाटत नसे. निदान साहेबांना तरी वाटत नसे.

नोकरीसाठी त्यांची भाची त्यांच्याकडे राहायला आली होती. चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासणारी ही मुलगी दिसायला गरीब, पण तिनेच रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर तो खेळ सुरू केला.

खेळ म्हणजे काय, तर टेबलाभोवती बसायचं आणि प्रत्येकाने एक सोंग घ्यायचं. कोणी चोर, कोणी जादूगार, कोणी आणखी काही. भाची सूत्रधार. ती सांगणार, 'समोर खवळलेला समुद्र आहे, काय करता?' मग ज्याने त्याने आपापल्या सोंगाला शोभेल ते करायचं, म्हणजे नुसतं तोंडाने सांगायचं. ते जमलं की फसलं हे फासा टाकून ठरणार. फासा वीस बाजूंचा. सहा बाजूंच्या फाशावर दुनियेचं इतकी वर्षं व्यवस्थित भागलं होतं, हे साहेबांनी पहिल्याच रविवारी तिथल्या तिथे नमूद केलं.

खेळायला बायको होतीच. वरच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर होते. आणि तिसरा लिफ्टवाला. म्हणजे बिल्डिंगची लिफ्ट दुरुस्त करणारा मेकॅनिक. तो एका रविवारी हातात पान्हा घेऊन 'जरा पाणी मिळेल का' म्हणून आत आला आणि तीन तासांनी बाहेर पडला. तोवर पाचव्या मजल्यावरचं एक कुटुंब लिफ्टची वाट बघून बघून जिन्याने गेलं होतं.

साहेब आधी लांब खुर्चीत पेपर धरून बसायचे आणि पेपराच्या आडून सूचना करायचे. भाचीने तीन रविवार सहन केलं. चौथ्या रविवारी ती म्हणाली, "मामा, त्यापेक्षा खेळायलाच बसा," आणि तिने त्यांच्यापुढे एक कागद ठेवला.

छापील कागद! वर 'पात्र', मग वय, व्यवसाय, कुटुंब, विशेष गुण आणि सगळ्यात खाली 'उणीव'. प्रत्येकापुढे रेघा मारलेला स्वतंत्र रकाना. साहेबांना चार महिन्यांत पहिल्यांदा कडकडून भूक लागल्यासारखं झालं. त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि सुवाच्य अक्षरात आपलं पात्र लिहून काढलं : मुख्य छाननी अधिकारी, सर्व समुद्र. विशेष गुणांना जागा पुरली नाही, तेव्हा 'सोबत पुरवणी जोडली आहे' असं लिहून त्यांनी पुरवणी जोडली. उणीव या रकान्यात त्यांनी लिहिलं, 'निरंक'. ऑफिसात ज्याला 'काही नाही' म्हणायचं असतं त्याला निरंक म्हणतात.

"मामा, उणीव लिहावीच लागते," भाची म्हणाली. "सगळी गंमत तिच्यातच असते."

"नसली तर कुठून आणू?"

बायको खोकली. ती सहसा खोकत नाही.

आपला कागद संपल्यावर साहेबांचा हात आपोआप शेजारच्या कागदाकडे गेला. तो डॉक्टरांचा होता. त्यावर लिहिलं होतं : चोर, मुलगी, वय एकोणीस, उणीव, खोटं बोलता येत नाही.

"डॉक्टर," साहेब हळूच म्हणाले, "आपलं वय पंचावन्न आहे. मिशा आहेत."

"आहेत ना," डॉक्टर मिशांवरून हात फिरवत म्हणाले.

"आणि खोटं न बोलणारा चोर कसा चालेल? परवा त्या राजवाड्यात पहारेकऱ्याने विचारलं, कशाला आलात, तर तुम्ही सांगून टाकलंत, हार चोरायला!"

"साहेब, मी दिवसभर लोकांना 'दुखणार नाही हं' म्हणून सांगतो," डॉक्टर म्हणाले. "आठवड्यातून एकदा तरी खरं बोलू द्या."

लिफ्टवाल्याचा कागद तर उघड उघड फेटाळण्याजोगा होता. तो झाड झाला होता. चालणारं झाड, पण चाल दिवसाला दहा पावलं. सगळे जण शत्रूवर चालून गेले की हा मागे उभा. मग पुढच्या रविवारी सगळे त्याला आणायला परत.

"अहो, हे काय पात्र आहे? यामुळे पूर्ण पथकाचा खोळंबा होतो!"

"साहेब, आठवडाभर मी वर-खाली, वर-खाली," लिफ्टवाला म्हणाला. "रविवारी एका जागी उभं राहू द्या की जरा."

इथे भाचीने दोन्ही कागद त्यांच्या हातातून काढून घेतले. "मामा, या टेबलावर नियम एकच आहे. आपला कागद आपला, दुसऱ्याचा त्याचा. दुसऱ्याचं पात्र पटलं नाही तर आपल्या पात्राने तोंडाने सांगावं, भांडावं, रुसावं. पण ते कसं असावं हे आपण ठरवायचं नाही आणि कागदाला हात लावायचा नाही."

"नियम लेखी आहे का?"

"नाही."

"मग तो संकेत झाला," साहेब समाधानाने म्हणाले. संकेत आणि नियम यांतला फरक न कळणाऱ्या माणसांत ते उगीच वाद घालत नसत.

आणि नेमकं त्याच वेळी त्यांची नजर टेबलापलीकडे बायकोच्या कागदावर गेली. उलटा कागद वाचायची एकतीस वर्षांची सवय. पात्र : कप्तान. वय : विचारू नये. व्यवसाय : बोट, स्वतःची. आणि कुटुंबापुढे त्यांच्याच घरातला, त्यांनीच आणलेला शब्द : निरंक.

त्यानंतर त्या दिवशी खेळात काय झालं हे साहेबांना नीट आठवत नाही. एवढंच आठवतं की भाची म्हणाली, "वादळ उठलंय, बोटीच्या डोलकाठीचा खांब मोडला," आणि जी बाई घरात पंखा कमी कर हेसुद्धा दोनदा विचार करून सांगायची, ती उभी राहिली आणि ओरडली, "झाडाला खांबाच्या जागी उभं करा! शिडं त्याच्या फांद्यांना बांधा! कोण थांबा म्हणतंय? आपण कोणासाठी थांबत नाही!" समोरच्या बिल्डिंगमध्ये दोन खिडक्या उघडल्या. झाड आनंदाने जागच्या जागी उभं राहिलं, फाशावर एकोणीस पडले, बोट वाचली आणि बायको इतकी हसली की तिला डोळे पुसावे लागले. तिचं तसलं हसणं साहेबांनी लग्नानंतर पहिली दोन-तीन वर्षं ऐकलं होतं. नंतर त्याचं काय झालं याची त्यांनी कधी चौकशी केली नव्हती.

पण त्या वेळी त्यांच्या डोक्यात एकच शब्द घुमत होता. बत्तीस वर्षांचा संसार, दोन मुलं शिकून परगावी नोकरीला लागलेली, आणि नोंद काय? निरंक! चोराच्या कागदावरसुद्धा 'एक मावशी' होती. झाडाला 'मुळं भरपूर' होती.

सोमवारी त्यांनी डॉक्टरांचा सल्ला घ्यायचं ठरवलं आणि दाढ दुखते म्हणून वर गेले. ही चूक झाली, कारण डॉक्टरांनी त्यांना खुर्चीत आडवं करून तोंडात तीन हत्यारं घातली आणि मगच विषय काढला.

"ते कुटुंबाचं मनाला लावून घेऊ नका साहेब," डॉक्टर आरशात बघत म्हणाले. "सोंग आहे ते. माझी चोर लग्न न करता देशोदेशी भटकते. म्हणून मी काय बायको सोडून चाललोय?"

"आँ," साहेब म्हणाले.

"बरोबर. उलट मी घरी जास्त शहाण्यासारखा वागतो हल्ली. ही दाढ मात्र किडलीय हं. हे दुखणार आहे."

"आँ!"

"बघा, खरं बोलायची सवय लागते हळूहळू," डॉक्टर म्हणाले आणि दुखलं.

साहेब अर्धा जबडा बधिर घेऊन घरी आले. एवढ्या शहाण्या सल्ल्यातून त्यांनी काढलेला निष्कर्ष असा की डॉक्टरांचं कुटुंब कागदाबाहेर शाबूत आहे म्हणून त्यांना बोलायला काय जातं. शुक्रवारपर्यंत त्यांनी कळ काढली. शुक्रवारी दुपारी बायको हॉस्पिटलात, भाची दुकानात आणि कागदांचं फोल्डर टीव्हीखालच्या खणात होतं. साहेबांनी नुसतं बघायचं म्हणून ते काढलं. लाल पेन खिशात होतं, ते त्यांनी काही मुद्दाम आणलं नव्हतं.

कप्तानाच्या कागदावरचा 'निरंक' त्यांनी पट्टी लावून एका रेघेत खोडला आणि वर लिहिलं, 'पती : एक (हयात)'. बघताना त्यांचं मन भरून आलं. मग आता हात लागलाच आहे तर, म्हणून डॉक्टरांच्या चोराचं वय एकोणीसचं पंचावन्न केलं, आणि झाडाच्या दहा पावलांपुढे तीन शून्यं वाढवून ती रोज दहा हजार केली. हे केवळ पथकाच्या हिताचं होतं. फोल्डर होतं तसं ठेवलं, खण लावला, कोणाला काही कळण्याची सोय ठेवली नाही.

फक्त एक गोष्ट. तिन्ही दुरुस्त्यांशेजारी त्यांनी आद्याक्षरं आणि तारीख टाकली होती. दुरुस्ती म्हटल्यावर हाताने ते आपलं आपण केलं. जगात चोऱ्या पुष्कळ झाल्या असतील, पण पावती लिहून ठेवणारा चोर हा एकच असावा.

रविवारी भाचीने फोल्डर उघडलं आणि तिच्या भुवया चष्म्याच्या वर गेल्या. तिने ज्याचा त्याचा कागद ज्याच्या त्याच्यापुढे ठेवला.

"माझं वय कोणी वाढवलं?" डॉक्टर खरोखरीच दुखावलेल्या आवाजात म्हणाले. "आरशात दिसतं तेवढं पुरे नाही का?"

लिफ्टवाल्याने दहा हजार हा आकडा दोनदा वाचला आणि त्याला बसल्या जागी दम लागला.

बायको मात्र त्या लाल रेघेकडे बघत राहिली, मग शेजारच्या आद्याक्षरांकडे. तिच्या तोंडावर राग आला असता तर साहेबांना परवडलं असतं. तिच्या तोंडावर टेलिफोनवरची बाई परत आली. तिने कागदाची घडी केली, ती फोल्डरमध्ये ठेवली आणि म्हणाली, "तुम्ही खेळा हं. मी जरा पडते." जाताना तिने पंखा एकने कमी केला, तोही सगळ्यांना विचारून.

खेळ तिथेच बंद पडला. डॉक्टर जिना चढून गेले. लिफ्टवाला म्हणाला, "कप्तान नसेल तर मी खांब कशाला होऊ?" आणि पान्हा घेऊन निघाला. भाचीने मामाकडे एकदाच पाहिलं. तिच्या दुकानात सगळ्यात मोठं अक्षरही न दिसणाऱ्या गिऱ्हाइकाकडे ती तशी बघत असावी.

"मामा, तुमचं नाव खेळातून कमी केलंय," ती म्हणाली. "परत यायचं तर लेखी अर्ज करा. रीतसर."

साहेबांना आधी हसू आलं. अर्ज! या मुलीला कल्पना होती का ती कोणाशी बोलतेय? परंतु त्यानंतरचा रविवार मुका गेला. टेबलावर टेबलक्लॉथ होता आणि टेबलक्लॉथवर काहीच नव्हतं. बायको पडद्यांना इस्त्री करत होती. ते पडदे गेल्याच आठवड्यात इस्त्री झालेले होते. साहेबांनी दोनदा विचारलं, काय झालं, आणि दोन्ही वेळा उत्तर आलं, "कुठे काय, काही नाही." हेच ते निरंक, पण यातलं कागदावर काही नव्हतं. त्या घरात कोणीतरी हसायला लागलं होतं आणि ते आपण बंद पाडलं, हे त्यांना त्या इस्त्रीच्या वासात पहिल्यांदा नीट कळलं.

त्यांनी अर्ज केला. विषय : खेळात पुनःप्रवेश मिळणेबाबत. मजकूर : झालेल्या गैरसमजाबद्दल खेद आहे. संध्याकाळी अर्ज परत आला. समासात हिरव्या शाईने लिहिलं होतं, 'त्रुटी : गैरसमज कोणाचा? स्पष्ट करावे.' शेजारी भाचीची आद्याक्षरं आणि तारीख.

एकतीस वर्षांत त्रुटीसाहेबांच्या कागदावर कोणी त्रुटी काढली नव्हती. ते तासभर अंघोळीला गेले. मग त्यांनी दुसरा अर्ज केला, दीड पानी, त्यात पथकाचं हित, पतीपदाची सामाजिक बाजू आणि झाडांचा सरासरी वेग यांचा ऊहापोह होता. तो दहा मिनिटांत परत आला. 'त्रुटी : अर्जात "परंतु" सात वेळा. एकही चालणार नाही.'

त्या दिवशी लिफ्ट अडकली. म्हणजे लिफ्टवाला आत होता आणि साहेब आत होते आणि ती तिसऱ्या-चौथ्याच्या मध्ये थांबली. थांबली की थांबवली हे अजून सिद्ध व्हायचंय.

"साहेब," लिफ्टवाला भिंतीला टेकून म्हणाला, "मी झाड झालो तेव्हा घरी सांगितलं. बायको म्हणाली, झाडच आहात तुम्ही, त्यात नवीन काय. पण नंतर म्हणाली, बरं दिसतंय, रविवारी तुमची मान दुखत नाही. एवढंच. मला मी झाड का झालो हे कोणी विचारलंही नव्हतं, तुम्ही विचारलंत."

"मी त्रुटी म्हणून विचारलं," साहेब म्हणाले.

"हां, पण विचारलंत. कप्तान ताईंना मात्र विचारलं नाहीत. थेट खोडलंत." एवढं बोलून त्याने एक बटण दाबलं आणि लिफ्ट मुकाट्याने चालू झाली.

तिसरा अर्ज एका ओळीचा होता. 'मी दुसऱ्यांच्या रकान्यात लिहिलं. माझं चुकलं.' ही ओळ लिहायला साहेबांना जेवढा वेळ लागला तेवढ्यात त्यांनी ऑफिसात चाळीस अर्ज नापास केले असते. अर्ज परत आला. हिरव्या शाईत : 'अर्ज योग्य. मात्र मंजुरीचा अधिकार सूत्रधाराकडे नसून कप्तानाकडे आहे. तिकडे सादर करावा.'

वाट्टेल त्या खात्यातून अर्ज फिरून शेवटी जिथे जायला नको तिथेच कसा जातो, हे साहेबांइतकं कोणाला माहीत नव्हतं. बायको गॅलरीत वाळलेले कपडे काढत होती. ते जाऊन उभे राहिले. कागद पुढे धरला.

तिने चिमटे ओठांत धरूनच वाचला. मग चिमटे काढले.

"अहो, हे तुम्ही लिहिलंत?"

"हो. सोबत पुरवणी नाही."

ती हसली नाही, पण हसली असती असं काहीतरी झालं. साहेबांनी धीर केला. "एक विचारू? त्रुटी म्हणून नाही. नुसतंच. निरंक का?"

तिने एक चादर त्यांच्या हातात दिली, दुसरं टोक स्वतः धरलं. घडी घालता घालता बोलली. "सव्वीस वर्षं मी लोकांना जोडून देतेय. हा डॉक्टर हवा, तो वॉर्ड हवा. घरी आले की मुलांचे फोन, तुमच्या बहिणीचे फोन, माझ्या माहेरचे. सगळ्यांची मी कोणीतरी लागते. मला त्याचं दुःख नाही हो. पण तिथे टेबलावर तीन तास मी कोणाचीच कोणी नव्हते. कशी आहे ही बाई ते मलाच बघायचं होतं. अजून नीट बघितलीसुद्धा नव्हती, तेवढ्यात तुम्ही तिचं लग्न लावून मोकळे झालात."

"म्हणजे मी नको आहे असं नाही?"

"तुम्ही नको असतात तर मी खेळातच नवरा लिहिला असता," ती म्हणाली, "आणि त्याला पहिल्याच वादळात समुद्रात टाकला असता."

साहेबांनी यावर बराच विचार केला आणि त्यांना खूप बरं वाटलं. चादरीची घडी वाकडी झाली होती. त्यांनी ती तशीच ठेवली.

"चुकलो मी," ते म्हणाले. हे तोंडी होतं, तारखेशिवाय.

"बरं," कप्तान म्हणाली. "छाननी अधिकारी बोटीवर नको. नवरा तर नकोच. जागा एकच रिकामी आहे, डेक पुसणाऱ्याची. बघा जमतंय का."

रविवारी टेबल पुन्हा भरलं. डॉक्टर एकोणीस वर्षांचे होऊन आले होते, लिफ्टवाला दहा पावलांत आला होता. साहेबांपुढे कोरा कागद आला. पात्र : डेक पुसणारा. विशेष गुण : बादली. उणीव या रकान्यापाशी ते थांबले, पेन दोनदा वर-खाली केलं आणि लिहिलं, 'दुसऱ्याचा कागद दिसला की हात शिवशिवतो.' रकाना पुरला नाही, पण त्यांनी पुरवणी जोडली नाही.

त्या दिवशी भाचीच्या अंगात काय संचारलं होतं कोण जाणे. बोट बंदरात शिरते न शिरते तोच तिने आवाज बदलला आणि ती बंदर अधिकारी झाली. हा अधिकारी साहेबांना फारच ओळखीचा वाटला. तो प्रत्येक कागदावर पहिल्या रकान्यापासून बोट फिरवत होता.

"चोर कोण आहे यात?" अधिकाऱ्याने विचारलं.

"मी," डॉक्टर झटकन म्हणाले आणि कपाळावर हात मारला.

"हं. पुढे. हे झाड आहे की खांब?"

"सध्या खांब," लिफ्टवाला न हलता म्हणाला.

"आणि कप्तान." बोट थांबलं. "कुटुंब, निरंक? असं कसं? एवढी मोठी बाई, वडील नाही, नवरा नाही, कोणीच नाही? हा कागद अपुरा आहे. बोट जप्त!"

कप्तानाने तोंड उघडलं आणि मिटलं. पुन्हा ती टेलिफोनवरची बाई तोंडावर येऊ घातली होती, आत्ता म्हणेल, थांबा हं. साहेबांनी ते पाहिलं आणि त्यांना बसवेना. डेक पुसणाऱ्याने बादली खाली ठेवली, म्हणजे ठेवली असं सांगितलं, आणि तो उभा राहिला.

"कप्तान, परवानगी असेल तर बोलू?"

कप्तानाने त्याच्याकडे पाहिलं. "बोल."

"साहेब," डेक पुसणारा बंदर अधिकाऱ्याला म्हणाला, आणि आवाज असा लागला की छाननी विभागातली धुळीने भरलेली कपाटं हलली असती, "रकाना रिकामा ठेवला असता तर त्रुटी झाली असती. इथे रकाना भरलेला आहे. निरंक ही पूर्ण नोंद आहे. ती अर्जदाराने स्वतःच्या हाताने, स्वतःच्या इच्छेने केलेली आहे. त्यात शब्द घालायचा किंवा खोडायचा अधिकार तुम्हाला नाही, मला नाही, कोणाच्या बापाला नाही. एकतीस वर्षं हेच केलंय मी. कागद बिनचूक आहे. शिक्का मारा!"

"फासा टाका," भाची म्हणाली.

फासा टेबलाच्या टोकापर्यंत गडगडला, कप्तानाच्या कपाला धडकला आणि थांबला. वीस. डॉक्टर एकोणीस वर्षांच्या मुलीसारखे किंचाळले. झाड स्वतःचा नियम मोडून चार पावलं नाचलं. आणि बायको हसली, तेच ते हसणं, डोळे पुसावे लागणारं. समोरच्या बिल्डिंगमध्ये खिडक्या उघडल्या आणि या वेळी साहेबांनी त्यांना हात केला.

"पुसणाऱ्या," कप्तान म्हणाली, "बादली उचल. भाषण झालं असेल तर डेक ओला आहे अजून."

"हो, कप्तान," साहेब म्हणाले आणि बादली उचलली.

खेळ संपल्यावर सगळे गेले. भाची कप विसळायला आत गेली. साहेब कागद गोळा करून फोल्डरमध्ये ठेवत होते, नुसते ठेवत होते, वाचत नव्हते. पण उलटा कागद वाचायची सवय जात नाही. कप्तानाच्या कागदावर कुटुंबापुढे निरंक तसंच होतं, लाल रेघेखालून पुन्हा ठळक गिरवलेलं, वरचा पती खोडलेला. त्याच्या खाली कडेला, छापील रकान्याबाहेर, बायकोच्या अक्षरात एक नवी ओळ होती : 'डेक पुसणारा : एक (हयात)'.

नोंद चुकीच्या जागी होती. शेजारी आद्याक्षरं नव्हती, तारीख नव्हती. साहेबांचा हात खिशाकडे गेला, लाल पेनाला लागला, त्याचं टोपण घट्ट आहे ना हे बघितलं आणि परत आला. मग त्यांनी फोल्डर खणात ठेवलं आणि ओट्यावरचं फडकं घेऊन टेबल पुसायला सुरुवात केली.